एनडीपीएसच्या जामिनासाठी मोफत लोक अभिरक्षक: कुठे निर्धास्त राहावं, कुठे मागे लागावं

अमली पदार्थ विकल्याच्या आरोपाखाली, म्हणजे एनडीपीएस कायद्याखाली, घरातला माणूस उचलला गेला की घरचे लोक ओळखीपाळखीतून वकील शोधायला धावतात. फीचा आकडा ऐकून दागिने गहाण पडतात. सत्र न्यायालयाच्या आवारातच बसणारी, एक रुपयाही न घेणारी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची लोक अभिरक्षक सेवा मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. ठाऊक असली तरी ‘फुकटचा वकील काय करणार’ म्हणून ती बाजूला टाकली जाते. ही समजूत निम्मी चुकीची आहे. कुठली निम्मी, ते नीट सांगायला हवं.

आधी निकाल. रिमांडच्या (कोठडी मागण्यासाठी आरोपीला कोर्टासमोर आणण्याच्या) दिवसासाठी, कमी वजनाच्या केससाठी आणि दोषारोपपत्राची मुदत उलटल्यावर मिळणाऱ्या जामिनासाठी ही सेवा बिनदिक्कत घ्यावी. कमर्शियल क्वांटिटीच्या, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मोठ्या वजनाच्या, केसमध्येही घ्यावी, पण कागद आपण गोळा करून द्यावेत आणि पाठपुरावा सोडू नये. उच्च न्यायालयात जायची पाळी आली की फाइल हातातून हातात जाते, आणि तिथेच ही सेवा सर्वात लंगडी पडते.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२च्या योजनेतून ही कार्यालयं उभी राहिली. मुख्य लोक अभिरक्षक, उपमुख्य आणि सहायक अशी उतरंड असते. ही मंडळी पूर्णवेळ हेच काम करतात, खाजगी वकिली करत नाहीत. यादीवरच्या खाजगी वकिलांना केस वाटून देण्याच्या जुन्या पॅनेल पद्धतीपेक्षा हा मोठा फायदा, कारण त्यांची दुसरी केस दुसऱ्या कोर्टात पुकारली जातेय म्हणून तुमची तारीख पुढे जात नाही. मिळण्याची अट सोपी आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ सांगतं की कोठडीत असलेल्या कुणालाही मोफत वकील मिळतो. तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोऱ्या कागदावर अर्ज, तुरुंग अधीक्षकांमार्फत अर्ज, रिमांडच्या वेळी न्यायाधीशांना तोंडी विनंती किंवा १५१०० वर फोन, यातला कुठलाही मार्ग चालतो. कुणी ‘खर्चापाणी’ मागितलं तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, गप्प बसू नका.

रिमांडचा दिवस हा या सेवेचा सर्वात मजबूत भाग. अटकेपासून चोवीस तासांत आरोपी कोर्टासमोर येतो आणि अभिरक्षक तिथेच हजर असतात. त्यांच्याकडून त्या दिवशी तीन गोष्टी करून घ्या. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत दिली का, हे कोर्टाच्या नोंदीवर आणणं ही पहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र शासन या निकालात हे सर्वच गुन्ह्यांना लागू केलं. जागेवर लेखी देणं शक्य नसेल तर रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी तरी ती द्यावीच लागतात. दुसरी, अंगावर मार असेल तर तो नोंदवून घेणं. तिसरी, रिमांड अर्जाची प्रत मिळवणं. त्या प्रतीत गुन्हा क्रमांक, कलमं आणि वजन असतं, आणि पुढची सगळी लढाई त्या वजनावर चालते.

कारण गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ या कायद्यात जामिनाचा दरवाजा तराजूने उघडतो किंवा बंद होतो. वकील कितीही मोठा असला तरी वजन बदलत नाही. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर स्मॉल, २० किलोपेक्षा जास्त असेल तर कमर्शियल. चरसासाठी हे आकडे १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉइनसाठी (रस्त्यावरचं गर्द, ब्राउन शुगर) ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. मुंबईत ज्याच्या केस सारख्या दिसतात त्या एमडीसाठी, म्हणजे मेफेड्रोनसाठी, २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. एक्स्टसी म्हणजे एमडीएमए वेगळं. त्याचे आकडे अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. घरचे लोक या दोन नावांत हमखास गल्लत करतात. १२ ग्रॅम मेफेड्रोन मधल्या गटात बसतं, १२ ग्रॅम एमडीएमए कमर्शियलमध्ये जातं. स्मॉलला शिक्षा कमाल एक वर्ष, मधल्याला दहा वर्षांपर्यंत, कमर्शियलला किमान दहा आणि कमाल वीस.

व्याख्येतला बारकावाही लक्षात ठेवा: कमर्शियल म्हणजे ठरलेल्या आकड्यापेक्षा ‘जास्त’. बरोबर २० किलो गांजा कमर्शियल नाही. म्हणून पंचनाम्यात वजन कसं लिहिलंय ते ओळ न ओळ वाचायला हवं. ‘एक पांढरी गोणी, तीत खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली दहा पाकिटे, एकूण वजन २० किलो ६४० ग्रॅम’ असं लिहिलं असेल तर पहिला प्रश्न हा की हे वजन गोणी, पट्टी आणि प्लॅस्टिक धरून आहे की सोडून. दुसरा प्रश्न पाकिटात काय होतं हा. कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पानं त्यात धरली जात नाहीत. देठ, काड्या, पानं असा सगळा ओला पाला एकत्र तोलला असेल तर वीस किलोची रेषा खरंच ओलांडली का, हा मुद्दा उभा राहतो. पावडरच्या बाबतीत मात्र ही वाट बंद आहे. हिरा सिंह प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मिश्रणातला निरुपद्रवी पदार्थही वजनात धरायचा. ‘३०० ग्रॅममध्ये शुद्ध हेरॉइन फक्त २० ग्रॅम’ हा युक्तिवाद तेव्हापासून चालत नाही, तरी तो अर्जांत अजून सापडतो.

लोक अभिरक्षकांच्या अर्जांतली मोठी उणीव इथेच आहे. कामाचा बोजा मोठा, त्यामुळे अर्ज साच्यातून निघतो: ‘अर्जदार निर्दोष असून त्यास खोट्या गुन्ह्यात गुंतवण्यात आले आहे, तो कुटुंबातील एकमेव कमावता आहे.’ चोरीच्या केसमध्ये एवढं भागून जातं. कमर्शियल क्वांटिटीत त्याचा काही उपयोग नाही, कारण तिथे कलम ३७ आडवं येतं. सरकारी वकिलाला विरोध करण्याची संधी द्यावी लागते. विरोध झाला तर न्यायाधीशांची दोन गोष्टींबद्दल खात्री पटावी लागते: आरोपी दोषी नाही असं मानायला वाजवी कारण आहे, आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही. अर्जात या दोन्ही अटींना वेगवेगळं उत्तर नसेल तर तो नामंजूर होण्यासाठीच लिहिलाय असं समजा. दुसऱ्या अटीसाठी आधीचे गुन्हे आहेत की नाहीत, नोकरी कुठे, राहायला कुठे, हे कागदांसह लागतं, आणि ते कागद अभिरक्षकांना आणून देणारं घराशिवाय दुसरं कुणी नसतं. आधीचा जामीन अर्ज, तो कुठे होता, त्याचं काय झालं, हेही स्पष्ट लिहायला सांगा. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुशा दुरुका प्रकरणात (तीही गांजाचीच केस) हे लपवण्यावर कडक शब्दांत बोट ठेवलंय.

मधल्या वजनाला कलम ३७ लागत नाही, जामीन नेहमीच्या निकषांवर मिळतो. स्मॉलमध्ये तर तो लवकर व्हायला हवा. पण ‘एक वर्षाची शिक्षा, म्हणजे पोलीस ठाण्यातूनच सुटेल’ असं धरून चालू नका. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये रिया चक्रवर्ती प्रकरणात या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र ठरवले, त्यामुळे कोर्टात अर्ज करावाच लागतो. त्याच निकालाने २७-अ कलमाची धार कमी केली, ते मात्र आरोपीच्या कामाचं आहे. २७-अ म्हणजे अवैध व्यापाराला पैसा पुरवणं. ते लावलं की वजन कितीही कमी असो, कलम ३७ चिकटतं. दुसऱ्याच्या वापरासाठी खरेदीचे पैसे देणं म्हणजे व्यापाराला पैसा पुरवणं नव्हे, असं त्या निकालाने सांगितलं. रिमांड अर्जात २७-अ दिसलं की अभिरक्षकांना हा निकाल पहिल्याच दिवशी दाखवा.

आता तारीख. हा भाग लोक नीट वापरत नाहीत याचं फार वाईट वाटतं, कारण इथे कलम ३७ची भिंत नसते. तपास यंत्रणेने मुदतीत दोषारोपपत्र दाखल केलं नाही तर जामीन हा हक्क बनतो. कमर्शियल क्वांटिटी, २७-अ, १९ आणि २४ या कलमांसाठी ही मुदत १८० दिवस आहे. मधल्या वजनाला ६० दिवस, कारण शिक्षा ‘दहा वर्षांपर्यंत’ आहे, ‘किमान दहा’ नाही; राकेश कुमार पॉल प्रकरणाने हा फरक २०१७ मध्ये स्पष्ट केला. नव्या नागरी सुरक्षा संहितेत (सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्यात) शब्दरचना थोडी बदललीय, त्यामुळे सरकारी पक्ष नव्वदचा आग्रह धरू शकतो. तरीही अर्ज एकसष्टाव्या दिवशीच टाकायचा.

मोजायचं कसं? अटकेच्या दिवसापासून नाही, पहिल्या रिमांडच्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. हे कपिल वाधवान प्रकरणात मार्च २०२३ मध्ये पक्कं झालं. समजा पहिलं रिमांड ३ मार्चला झालं. मार्चचे २९ दिवस, एप्रिलचे ३०, म्हणजे ५९. साठावा दिवस १ मे. दोषारोपपत्र आलं नसेल तर २ मेला सकाळी कोर्ट उघडताच अर्ज. १८० दिवसांची केस असेल तर एकशेऐंशीवा दिवस २९ ऑगस्ट, अर्ज ३० ऑगस्टला. ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि आठ दिवस आधी अभिरक्षक कार्यालयात जाऊन आठवण करून द्या. एक दिवस उशीर झाला, दरम्यान दोषारोपपत्र आलं, की हक्क संपला. आधी अर्ज केला आणि मग तासाभराने दोषारोपपत्र आलं तर हक्क शाबूत राहतो; एम. रवींद्रन प्रकरण (२०२०) नेमकं याच कायद्याखालचं आहे. वेळ कमी असेल तर तोंडी अर्जही चालतो. अभिरक्षक रोज त्याच आवारात असतात, त्यामुळे या कामात ते बाहेरच्या महागड्या वकिलापेक्षा चपळ ठरतात. तारीख त्यांच्या वहीत असली पाहिजे, एवढीच अट.

१८० दिवसांची मुदत एका वर्षापर्यंत वाढवता येते, पण आपोआप नाही. सरकारी वकिलाचा स्वतःचा अहवाल लागतो, त्यात तपासाची प्रगती आणि आणखी कोठडी का हवी याची नेमकी कारणं लागतात. तपास अधिकाऱ्याच्या पत्रावर नुसती सही करून पुढे पाठवलेला कागद हा अहवाल होत नाही. मुदतवाढीच्या वेळी आरोपीला प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून हजर ठेवून कळवणंही आवश्यक आहे. हे झालं नसेल तर तिथेच हरकत नोंदवायला हवी. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल जोडला नाही म्हणून दोषारोपपत्र अपुरं, हा मुद्दा मात्र आपल्याकडे फार ताणू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२१ मध्ये तो फेटाळलेला आहे.

झडतीतल्या त्रुटींबद्दल बाजारात फार आशा विकल्या जातात, म्हणून थोडक्यात. अंगझडतीआधी ‘राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घ्यायचा तुला हक्क आहे’ हे सांगणं कलम ५०नुसार बंधनकारक आहे. माल बॅगेत किंवा गाडीत सापडला असेल तर कलम ५० लागत नाही, हे २०२३च्या रंजन कुमार चढ्ढा निकालाने स्पष्ट आहे. खबर लेखी नोंदवून ७२ तासांत वरिष्ठांना पाठवली का (कलम ४२), हे डायरीच्या नोंदीवरून तपासता येतं. दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने घेण्याच्या कलम ५२-अ मधली चूक किंवा उशीर तेवढ्यानेच जामिनाला पुरत नाही. डिसेंबर २०२४च्या काशिफ निकालानंतर त्यावर एकट्यावर अर्ज उभा करू नये. खरं बळ असतं ते ज्याच्याकडे काहीच सापडलं नाही आणि ज्याचं नाव फक्त सहआरोपीच्या जबाबातून आलं त्याच्या अर्जात. तूफान सिंह निकालाने (ऑक्टोबर २०२०) कलम ६७ खालचा, म्हणजे तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला, कबुलीजबाब पुरावा म्हणून बाद केला. पण फोनचे रेकॉर्ड, बँकेतले व्यवहार असं दुसरं काही जोडलंय का, ते आधी पाहा. सहआरोपींची बाजू एकमेकांवर उलटत असेल तर एकाच कार्यालयाने दोघांचं काम पाहू नये. पॅनेलवरचा दुसरा वकील लेखी मागून घ्या.

सत्र न्यायालयाने अर्ज फेटाळला की पुढचा टप्पा उच्च न्यायालय, आणि तिथे वेगळी विधी सेवा समिती आहे. जिल्ह्याचा अभिरक्षक तिथे उभा राहत नाही. नामंजुरीच्या आदेशाची प्रमाणित प्रत, दोषारोपपत्राचा पूर्ण संच, पंचनाम्याच्या वाचता येतील अशा प्रती, मराठी कागदांचं भाषांतर, या सगळ्यात आठवडे जातात. तुरुंगातून गेलेला अर्ज एका टेबलावर, कागद दुसऱ्या टेबलावर असं होऊ शकतं. दोषारोपपत्राची प्रत आरोपीला फुकट मिळते. ती तुरुंगात पडू न देता तिची पूर्ण झेरॉक्स घरी आणून ठेवा. मग समितीकडे पहिल्याच दिवशी पूर्ण संच देता येतो.

उच्च न्यायालयात दीर्घ कोठडीचा मुद्दा सर्वात जास्त चालतो. मोहम्मद मुस्लिम प्रकरणात (मार्च २०२३) सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांहून जास्त कोठडी पाहून कलम ३७चा शब्दशः अर्थ लावला तर जामीनच अशक्य होईल असं म्हटलं. रबी प्रकाश प्रकरणात साडेतीन वर्षं पुरली. म्हणून रोजनामा (कोर्टाची तारीखवार नोंद) काढा: किती तारखा पडल्या, किती साक्षीदार झाले, आरोपीला तुरुंगातून कितीदा आणलंच नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर हे फुकट दिसतं. आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की नागरी सुरक्षा संहितेचं कलम ४७९ मदतीला येतं. मधल्या वजनाला तो काळ ३ वर्षं ४ महिने होतो. तुरुंग अधीक्षकाने कोर्टाला लेखी कळवणं तिथे अपेक्षित आहे. दुसरी केस प्रलंबित असेल तर ही सवलत मिळत नाही.

जामीन मंजूर झाल्यावर या सेवेची शेवटची कसोटी लागते. गरीब कैद्यांना जामिनाच्या रकमेसाठी मदत देणारी केंद्राची २०२३ची योजना आहे, पण एनडीपीएसचे आरोपी त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहेत. ‘सरकार भरेल’ या आशेवर आठवडे घालवू नका. मार्ग दुसरा आहे. जामिनाचा आदेश झाला की त्याची प्रत ई-मेलने तुरुंगात जायला हवी, सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायला हवं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करू शकतं. हे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३चे निर्देश आहेत. स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरण्याविरुद्धही त्यात सांगितलंय. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या मजुराच्या बाबतीत अभिरक्षकांनी हा मुद्दा मंजुरीच्या दिवशीच काढायला हवा. आधी काही आठवड्यांसाठी रोख जामीन आणि तेवढ्या मुदतीत जामीनदार अशी विनंती तेव्हाच केली तर बरीचशी अडचण टळते.

जामीनदार उभा करताना आधार, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती किंवा सात-बारा, पगारदार असेल तर पगारपत्रक, आणि मागितला तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला तयार ठेवा. आणखी कुणाला जामीन आहे का, हे त्याला खरं सांगावं लागतं. आवारात पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार घेऊ नका. कागद खोटे निघाले तर जामीन जातो आणि नवा गुन्हा लागतो. अटी वाचून घ्या. हजेरीचा वार, पासपोर्ट, हद्द सोडायची परवानगी या नेहमीच्या. मोबाइलवरचं ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसत राहावं अशी अट घालता येत नाही, हे फ्रँक व्हिटस निकालाने (जुलै २०२४) सांगितलंय.

आदेशाची टंकलिखित प्रत हातात आली की ती तुरुंगात जाण्याआधी अभिरक्षकांसोबत बसून चार गोष्टी ताडून पाहा: आरोपीचं नाव आणि वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक आणि वर्ष, पोलीस ठाणे किंवा यंत्रणेचं नाव, आणि कलमं. नावात एक वेलांटी इकडची तिकडे किंवा वॉरंटवर २९ कलम आहे आणि आदेशात नाही, एवढ्यावर कागद परत येतो. मग दुरुस्तीसाठी पुन्हा कोर्ट, आणि मध्ये शनिवार-रविवार आला की माणूस सोमवारपर्यंत आतच.